डोंगल ९०० रुपयांचे, काम १२० रुपयांच्या वायरीचे

डेस्कटॉपला वाय-फायची रेंज पुरत नव्हती, म्हणून गेल्या आठ महिन्यांत मी तीन वस्तू निरनिराळ्या जागी लावून पाहिल्या. पहिली वस्तू म्हणजे नखाएवढे साधे डोंगल, म्हणजे यूएसबीच्या भोकात लावायचे, वाय-फाय पकडणारे उपकरण. ते माझ्याकडे आधीपासूनच होते आणि घेतले तेव्हा ३५० रुपयांना मिळाले होते. दुसरी, दीड मीटर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर, किंमत १२० रुपये. तिसरी, वीतभर अँटेना असलेले दोन बँडचे, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही लहरींच्या पट्ट्यांवर चालणारे डोंगल, किंमत ९०० रुपये. कंपन्यांची नावे मी देत नाही, कारण या प्रकारच्या डोंगलांमध्ये एकच चिप अनेक कंपन्यांच्या खोक्यांतून विकली जाते आणि माझे निष्कर्ष एखाद्या नावापेक्षा त्या प्रकाराला लागू आहेत. सर्वांत जास्त फरक सर्वांत स्वस्त वस्तूने पडला. असे का झाले हे कळले, तर पुष्कळांचे पैसे वाचतील, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमचे घर डोंबिवलीत, १९८० च्या दशकातील इमारतीत आहे. फायबरची तार जिन्यातून येते, त्यामुळे राउटर मुख्य दाराशी, चपलांच्या कपाटाच्या वर बसवलेला आहे. संगणक आतल्या खोलीत आहे. दोहोंमध्ये अंतर जेमतेम नऊ मीटर, पण त्या वाटेवर विटांच्या दोन भिंती, फ्रिज आणि एक मोठे लोखंडी कपाट आहे. माझा व्यवसाय पुस्तकांच्या अक्षरजुळणीचा. दिवाळी अंकांच्या दिवसांत छापखान्याला रोज अडीचशे एमबीच्या आसपास पीडीएफ पाठवावी लागते. करार १०० एमबीपीएसचा असूनही माझ्या टेबलावर डाउनलोड ६ आणि अपलोड दीड एमबीपीएस मिळत असे. या वेगाने एक फाइल जायला बावीस-तेवीस मिनिटे लागतात, आणि मध्ये जोडणी तुटली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ऑक्टोबरमधल्या एका रात्री एकच अंक मी चार वेळा पाठवला. छापखान्यात माणसे प्लेट काढण्यासाठी थांबलेली होती आणि मी पडद्यावरची निळी पट्टी पाहत बसलो होतो. त्या रात्रीनंतर मी हा प्रश्न मनावर घेतला.

खरेदीच्या आधी मोजमाप करावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. पडद्याच्या कोपऱ्यातील पंख्यासारख्या खुणेवर विसंबू नये, कारण तिच्यात चारच पायऱ्या असतात. विंडोजमध्ये काळी कमांड खिडकी उघडून ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा इंग्रजीत टंकली की सिग्नलची टक्केवारी दिसते. मायक्रोसॉफ्टच्या व्याख्येनुसार १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलची शक्ती मोजण्याचे एकक), ० टक्के म्हणजे उणे १०० डीबीएम, आणि मधले आकडे त्याच प्रमाणात. म्हणजे दोन टक्क्यांना एक डेसिबल. तीन डेसिबल वाढले की पोहोचणारी शक्ती दुप्पट होते, दहा वाढले की दहापट. वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्रायव्हर हा आकडा थोडा वरखाली दाखवतात, त्यामुळे दोन निराळ्या डोंगलांची तुलना करताना टक्केवारीबरोबर प्रत्यक्ष वेगही पाहावा. मात्र एकाच डोंगलच्या दोन जागांची तुलना करायला ही टक्केवारी पुरेशी विश्वासार्ह आहे. माझ्याकडे सुरुवातीला ती ३६ होती, म्हणजे उणे ८२ डीबीएम. उणे ६७ च्या आसपास असेल तर व्हिडिओ कॉल सुखाने चालतो. उणे ८० च्या खाली गेल्यावर जोडणी असून नसल्यासारखी होते.

माझे छोटे डोंगल सीपीयूच्या मागच्या बाजूला लावलेले होते, आणि बहुतेक घरांत ते तिथेच असते. ती जागा एकदा वाकून पाहावी. सीपीयूची पेटी पत्र्याची असते, ती टेबलाखाली असते, तिची पाठ भिंतीला जवळजवळ टेकलेली असते आणि मध्ये मॉनिटरच्या, प्रिंटरच्या, स्पीकरच्या तारांचे जंजाळ असते. राउटरकडून येणाऱ्या लहरी पत्र्याच्या पुढच्या बाजूवर आदळतात आणि डोंगल त्या पत्र्याच्या सावलीत बसलेले असते. अशा जागी कितीही भारी डोंगल लावले तरी त्याची निम्मी ताकद वाया जाते. ज्यांच्या सीपीयूच्या आत वाय-फाय कार्ड आहे आणि मागे दोन छोट्या काड्या बाहेर आल्या आहेत, त्यांचीही स्थिती हीच असते. त्यांनी त्या काड्या काढून चुंबकाच्या बैठकीवरचा, मीटरभर तारेचा अँटेना लावावा.

वायर मी ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून आणली. पाटीवर आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव आहे, पण दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही जुनेच नाव घेतात. दुकानात ‘यूएसबी एक्स्टेन्शन, मेल टू फिमेल’ एवढे सांगितले की पुरते. पहिल्या खेपेस मी लांब तेवढी बरी अशा समजुतीने पाच मीटरची घेतली आणि ती चूक ठरली. संगणकाला डोंगल दिसायचे, दोन मिनिटांनी नाहीसे व्हायचे, पुन्हा दिसायचे. यूएसबी २.० च्या साध्या तारेची मर्यादाच सुमारे पाच मीटरची आहे, आणि त्यात तार बारीक असेल तर डोंगलपर्यंत पोहोचेपर्यंत व्होल्टेज घसरते. तारेच्या आवरणावर बारीक अक्षरे छापलेली असतात, ती वाचावीत. ‘२८ एडब्ल्यूजी’ ही माहिती वाहून नेणारी जोडी आणि ‘२४ एडब्ल्यूजी’ ही वीज वाहून नेणारी जोडी, असे दोन आकडे असतील तर तार चांगली. या मापात आकडा जितका लहान तितकी तार जाड. दोन्ही आकडे २८ असतील तर दीड मीटरपर्यंत चालते, त्याहून लांब घेऊ नये. दुकानदाराने पाच मीटरची वायर कुरकुर न करता बदलून दिली, हे नमूद केले पाहिजे.

दीड मीटरची वायर आणल्यावर रविवारी दुपारी डोंगल कपाटाच्या माथ्यावर नेण्याचे काम काढले. ती जागा निवडण्याचे कारण असे की दाराच्या चौकटीच्या वरून राउटरची दिशा तिथून बऱ्यापैकी मोकळी दिसत होती. वायर टेबलापासून पोहोचावी म्हणून कपाट हातभर सरकवावे लागले. माथ्यावर फराळाचे पत्र्याचे तीन डबे आणि एक पितळी परात होती; त्यांच्या मागे डोंगल ठेवले तर आकडा ४४. पत्नी म्हणाली, “आधी ते डबे खाली घ्या, सगळं त्यांनीच अडवलंय.” डबे आणि परात खाली घेतल्यावर मुलगी पडद्यासमोर बसून वरचा बाण आणि एंटर दाबत, म्हणजे तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देत, आकडे सांगू लागली. “चोपन्न. आता एकोणपन्नास. बाबा, थांबा, हलवू नका, बासष्ट!” चोपन्न आणि बासष्ट या दोन जागांमध्ये माझी चार बोटे मावतील एवढेच अंतर होते.

या चार बोटांमागे शास्त्र आहे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते. घरात ती लहर थेट येते तशी भिंतींवरून, छतावरून, पत्र्यावरून परतूनही येते. काही ठिकाणी या लहरी एकमेकींना मिळून जोर धरतात आणि त्यांच्यापासून अवघ्या काही सेंटिमीटरवर एकमेकींना मारतात. म्हणून वायरीच्या टोकाला लटकणारे डोंगल हातात धरून इंच इंच सरकवत पाहणे हा वेळेचा अपव्यय नाही. सीपीयूला पक्के खुपसलेले डोंगल असे सरकवता येत नाही, आणि वायरीचा खरा उपयोग हाच आहे.

तेच ३५० रुपयांचे डोंगल, तोच राउटर, तोच करार; आकडा ३६ वरून ६२ वर गेला. ही वाढ १३ डेसिबलची, म्हणजे शक्तीच्या हिशेबात वीसपट आहे. डाउनलोड २८ आणि अपलोड २२ एमबीपीएसवर पोहोचले. अडीचशे एमबीची फाइल बावीस मिनिटांऐवजी दीड मिनिटात गेली. १२० रुपयांत आणि एका दुपारीत एवढे मिळाले, याचा मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण आमच्या इमारतीत संध्याकाळी सात ते दहा या वेळेत वेग पुन्हा निम्म्यावर येत असे, आणि सिग्नलची टक्केवारी मात्र जशीच्या तशी राही. म्हणजे अडचण रेंजची नव्हती, गर्दीची होती. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ असे चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारे त्यांतले तीनच: १, ६ आणि ११. मोबाइलवरच्या वाय-फाय तपासणीच्या मोफत ॲपने पाहिले तेव्हा आमच्या घरात शेजाऱ्यांचे सतरा राउटर दिसले, आणि त्यांतले बहुतेक ६ वर होते. आपला राउटर ११ वर नेल्याने थोडा फरक पडला. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही गर्दी पुष्कळ कमी असते. परंतु माझे छोटे डोंगल फक्त २.४ वर चालणारे होते. फायबरबरोबर मिळालेल्या राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झची सोय असूनही संगणकापुरती ती वाया जात होती. हेच ९०० रुपयांच्या खरेदीचे कारण.

नवे डोंगल एसी६०० या वर्गातले आहे. खोक्यावरचा ६०० हा आकडा दोन्ही पट्ट्यांची बेरीज आहे. ५ गिगाहर्ट्झवर त्याची कागदावरची कमाल ४३३ एमबीपीएस आहे आणि एका वेळी ते एकाच पट्ट्यावर चालते. ज्यांचा करार १०० किंवा १५० एमबीपीएसचा आहे त्यांना ते भरपूर होते, आणि यूएसबी २.० ची ४८० एमबीपीएसची मर्यादाही आड येत नाही. अँटेना ५ डीबीआयचा (सिग्नल एकवटण्याच्या क्षमतेचे माप) म्हणून लिहिलेला आहे. तो उभा करता येतो, आडवा करता येतो. उभा ठेवल्यावर माझ्याकडे सर्वांत चांगले चालते, कारण राउटरच्या काड्याही उभ्या आहेत.

मी मुद्दाम हे नवे डोंगल आधी सीपीयूच्या मागे, जुन्याच भोकात लावून पाहिले. २.४ वर आकडा ४६ आला. म्हणजे त्याच जागी जुन्याच्या ३६ वरून ४६: वाढ ५ डेसिबलची, आणि वेग ११ एमबीपीएस. जुने साधे डोंगल वायरीवर २८ देत होते, हे इथे लक्षात घ्यावे. ज्याने ९०० रुपये खर्चून नुसते डोंगल बदलले आणि जागा बदलली नाही, तो ‘काही फरक पडला नाही’ असे म्हणेल, आणि त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरेच असेल. बाजारात या डोंगलांविषयी जी परस्परविरोधी मते ऐकू येतात, त्यांपैकी निम्मी तरी या जागेच्या फरकातून आलेली असावीत, असे माझे मत झाले आहे.

नंतर तेच डोंगल वायरीला जोडून कपाटाच्या माथ्यावर ठेवले. २.४ वर ७८ टक्के आणि ३८ एमबीपीएस. ५ गिगाहर्ट्झवर ५८ टक्केच, कारण ही लहर विटांच्या भिंतीत जास्त खर्ची पडते. पण डाउनलोड ८४ आणि अपलोड ७८. टक्केवारी कमी आणि वेग दुपटीहून अधिक, हे पाहून सुरुवातीला माझा गोंधळ झाला. ५ गिगाहर्ट्झवर चॅनेल २० ऐवजी ८० मेगाहर्ट्झ रुंद वापरता येतो आणि शेजाऱ्यांची वर्दळ कमी असते, म्हणून असे होते. राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल तर संगणक अनेकदा जास्त टक्केवारीच्या २.४ ला चिकटतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना निरनिराळी नावे द्यावीत आणि संगणक ५ च्या नावाला जोडावा. आता तीच पीडीएफ सव्वीस सेकंदांत जाते.

एक त्रास मात्र नव्या डोंगलनेही दिला. ते लावल्यावर संगणकाला प्रथम डोंगल न दिसता एक सीडी ड्राइव्ह दिसते. ड्रायव्हर त्या खोट्या सीडीतच असतो, तो चढवल्यावर मग डोंगल जागे होते. माहिती नसेल तर माणूस वस्तू बिघडलेली समजून परत करतो. लिनक्स वापरणाऱ्यांनी घेण्याआधी आतल्या चिपचा क्रमांक विचारावा, कारण नाव तेच ठेवून आवृत्ती बदलताना आतली चिप बदललेली असू शकते.

यूएसबीच्या निळ्या, म्हणजे ३.० च्या, भोकांविषयीही सांगितले पाहिजे, कारण ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. जुने छोटे डोंगल अजून सीपीयूच्या मागे होते तेव्हा शेजारच्या निळ्या भोकात मी बाहेरची हार्ड डिस्क लावत असे, आणि रात्री बॅकअप सुरू केला की वाय-फाय हमखास तुटत असे. यूएसबी ३.० च्या तारेतून माहिती धावताना जो विद्युत गोंगाट उठतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये याविषयी स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केले होते. डोंगल डिस्कपासून मीटरभर दूर गेले की हा त्रास थांबतो. माझ्या बाबतीत तो वायरीने आपोआप थांबला. वायरही काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या भोकातच लावावी.

दुसरे पर्यायही मी पाहिले. शेजाऱ्यांकडून दोन दिवसांसाठी रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल घेऊन पुढे पाठवणारे यंत्र, आणला. खोलीतल्या मोबाइलला त्याचा चांगला फायदा झाला, पण स्वस्त रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो. केवळ डेस्कटॉपसाठी तो घेण्याची गरज नाही. ज्यांच्याकडे जुना अँड्रॉइड मोबाइल पडून आहे त्यांनी तो घरच्या वाय-फायला जोडून, चार्जिंगच्या वायरीने संगणकाला लावून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करून पाहावे. बहुतेक मोबाइल अशा वेळी वाय-फायच पुढे देतात, आणि खर्च शून्य. आणि ज्यांना भिंतीच्या कडेने तार नेणे शक्य आहे त्यांनी हे सारे बाजूला ठेवून लॅनची वायर टाकावी. शंभर मीटरपर्यंत तिला रेंजचा प्रश्नच नाही. आमच्याकडे वाटेत दोन दारे येतात आणि वृद्ध आई त्या वाटेने काठी टेकत जाते, म्हणून मी जमिनीवरून तार नेली नाही.

नवे डोंगल आल्यावर जुने छोटे डोंगल चिपळूणजवळ माझ्या बहिणीच्या घरी गेले. तिथे राउटर दिराच्या घरात आहे, मध्ये अंगण आहे, आणि दोन्ही घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या, हातभर जाड. अंतर सव्वीस-सत्तावीस मीटर असेल. भाच्याचा संगणक खिडकीजवळ आहे. वायरीने डोंगल खिडकीत आणले तरी आकडा ३० च्या पुढे जाईना. तेव्हा न्यूझीलंडच्या स्टॅन स्वान यांची जुनी युक्ती आठवली. स्वयंपाकातील गोल जाळी घ्यायची, तिच्या केंद्रबिंदूवर, म्हणजे परतलेल्या लहरी जिथे एकवटतात तिथे, यूएसबी डोंगल बसवायचे आणि जाळीचे तोंड राउटरकडे करायचे. डिश अँटेनाचेच हे तत्त्व आहे. जाळीची भोके लहरीच्या लांबीपेक्षा फारच लहान असल्याने लहरीला ती भोके जाणवत नाहीत. जाळी तिला आरशासारखीच परतवते.

बहिणीकडे तांदूळ धुण्याची स्टीलची खोलगट चाळणी होती. व्यास २६ सेंटिमीटर, खोली ७. केंद्रबिंदू काढण्याचे सूत्र सोपे आहे: व्यासाचा वर्ग भागिले खोलीची सोळापट. ६७६ भागिले ११२, म्हणजे तळापासून सहा सेंटिमीटर. चाळणीच्या तळाला मधोमध वायरीचे टोक जाईल एवढे भोक पाडले, डोंगलचे डोके तळापासून सहा सेंटिमीटरवर येईल असे बांबूच्या कांबीला बांधले, आणि चाळणी सुतळीने खिडकीच्या लाकडी चौकटीला बांधली, लोखंडी गजांच्या बाहेरच्या बाजूला. दिशा थोडी डावी-उजवी करत भाच्याने आकडे वाचले. ३०, ४१, ४७, आणि मग ५४ वर स्थिर झाला. पागोळ्यांचे पाणी लागू नये म्हणून वर प्लास्टिकच्या पिशवीचे छप्पर केले आहे. प्लास्टिक लहरीला अडवत नाही. पिशवी ओली झाली की आकडा दोन-तीन टक्क्यांनी उतरतो, वाळली की परत ५४ होतो.